क्लाइंबिंगच्या पहिल्याच रूटला हात भरून येतात, खांद्यातून जोर निघत नाही: वॉर्मअपमध्ये काय बिघडतं आणि कसं सुधारायचं

बेळगाव, खानापूर, निपाणीकडची जी पोरं-पोरी क्लाइंबिंगच्या वॉलवर, म्हणजे पकडी लावलेल्या भिंतीवर, सराव करतात आणि थंडीत कडे चढायला बदामी गाठतात, त्यांची एक तक्रार दर हंगामात ऐकू येते. "दादा, पहिल्या रूटला (चढायच्या ठरलेल्या वाटेला) हात भरून येतात. अर्ध्यावर बोटं आपोआप उघडतात. खाली येऊन तासभर बसलं की मग तोच रूट निघतो." तिच्या जोडीला दुसरी: "तालमीत शंभर जोर सहज काढतो, पुलअपही होतात, पण ओव्हरहँगवर (बाहेर झुकलेल्या भिंतीवर) लांबचा होल्ड (पकड) घ्यायला गेलं की खांद्यातून जोरच निघत नाही."

दोन्ही तक्रारींवर सगळे एकच इलाज करतात, तो म्हणजे ताकद वाढवायची. महिना-दोन महिने पुलअप वाढतात, कमरेला वजन बांधून होतात, आणि पहिल्या रूटला हात पुन्हा तसेच भरतात. असं होणाऱ्या बहुतेकांच्या अंगात ताकद पुरेशी असते. पहिल्या होल्डला हात घालताना ती जागी झालेली नसते, नाहीतर वॉर्मअपमध्येच खर्चून गेलेली असते. यातलं आपलं कोणतं, ते आधी ओळखायला हवं, कारण दोन्हींचे उपाय एकमेकांच्या उलट आहेत.

आधी ओळखा

पुढच्या सरावाला एवढंच बघा. पहिला रूट वाईट गेला आणि दुसरा, तिसरा त्याहून बरा गेला, तर वॉर्मअप कमी पडतोय. पहिला त्यातल्या त्यात बरा आणि पुढचा प्रत्येक आधीपेक्षा वाईट, तर वॉर्मअप जास्त होतोय किंवा मध्ये विश्रांती नाही. बारीक होल्डवर टिकून राहता येतं, पण लांब ओढून घ्यायच्या मूव्हला, म्हणजे एका होल्डवरून पुढच्यावर जाताना, अंग वर जात नाही, असं असेल तर गडबड खांद्यात आहे. बोटांना दोष देऊ नका. आणि एकाच बोटाच्या मुळाशी, तळहाताच्या बाजूने, दाबल्यावर दुखत असेल तर हे लिखाण तुमच्यासाठी नाही. त्या दिवशी चढू नका.

हात भरतात म्हणजे काय होतं

बोटांत स्नायू जवळजवळ नसतातच. बोटं मिटणारे मोठे स्नायू कोपर ते मनगट या भागात असतात आणि तिथून लांब शिरांसारखे कंडरे बोटांपर्यंत जातात. होल्ड घट्ट धरला की हे स्नायू इतके आवळतात की त्यांच्यातल्या रक्तवाहिन्या दाबल्या जातात. साधारण निम्म्याहून जास्त ताकद लावून धरलं की रक्त आत जाणं जवळपास बंद पडतं. पकड सोडून हात झटकला की पुन्हा सुरू होतं.

थंड हाताने थेट अवघड रूटला लागलं तर या स्नायूंतल्या बारीक वाहिन्या अजून पुरत्या उघडलेल्या नसतात. पकड सुटली तरी रक्त लवकर पोचत नाही, आतला मळ बाहेर पडत नाही, आणि पाच-सात मूव्हमध्ये कोपराखालचा हात टणक होतो. एकदा असा भरलेला हात दहा मिनिटांत मोकळा होत नाही, अनेकांचा त्या दिवशी पुरता मोकळा होतच नाही. म्हणून पहिला रूट सोपा ठेवा, असं सांगतात. त्यात भित्रेपणा काही नाही, या वाहिन्यांना हळूहळू उघडायला वेळ देणं आहे.

डिसेंबर-जानेवारीत सकाळी बेळगावात हात खिशातून काढवत नाही. त्या गारठ्यात हा त्रास दुप्पट होतो, आणि तेव्हाच आपला बदामीचा हंगाम असतो.

घाम आला म्हणजे अंग तापलं, पण कुठलं?

आपल्या भागात व्यायाम म्हटलं की तालीम, आणि मला तिचा अभिमान आहे. गल्लीतल्या तालमीत वाढलेल्या पोराला पाठ, कंबर, मांड्या आयत्या मिळालेल्या असतात. पण तालमीची सवय अशी की जोर, बैठका, सपाट्या काढायच्या आणि अंगातून घाम निथळला की तयार झालो म्हणायचं. कुस्तीला ते बरोबर असेल. क्लाइंबिंगला त्यात दोन उणिवा राहतात.

पहिली अशी की जोर आणि सपाट्या ढकलण्याचे व्यायाम आहेत. छाती, दंडाची मागची बाजू, खांद्याची पुढची बाजू यांना काम मिळतं. चढताना मात्र ओढायचं असतं. पाठीचे पंखासारखे पसरलेले स्नायू, खांद्याची पाती खाली आणि मागे खेचणारे स्नायू, आणि बोटं, ही मंडळी शंभर जोरांनंतरही थंडच असतात. दुसरी खोट म्हणजे संख्या. शंभर जोर काढल्यावर खांदा दमतो, आणि दमलेल्या खांद्याकडून झटक्याचं काम होत नाही. जोर वाईट नाहीत. दहा काढा, सावकाश, वर येताना हात सरळ झाल्यावर पाठ अजून थोडी वर ढकला, म्हणजे पात्यांना बरगड्यांवर धरून ठेवणारा स्नायू जागा होतो. लटकताना खांदा जागेवर ठेवायला तोच कामी येतो. वॉर्मअपसाठी तेवढं पुरे. बाकीचे नव्वद संध्याकाळी काढा किंवा चढून झाल्यावर.

मुद्गल मात्र मी प्रत्येकाला फिरवायला सांगतो. हलका घ्या, तीन-चार किलोचा, डोक्यामागून दोन्ही बाजूंनी आठ-आठ वेळा. खांद्याचा सांधा सगळ्या दिशांनी फिरतो, मनगट आणि पकड त्यात आपोआप येते. यापेक्षा चांगलं साधन विकत घ्यायला गेलात तरी मिळणं अवघड आहे. मुद्गल नसेल तर अर्धी भरलेली पाण्याची बाटली तिच्या तोंडाकडून धरून फिरवा.

खांदा: इथे सगळ्यात जास्त जोर गळतो

कुणालाही बारला लटकायला सांगा आणि मागे उभं राहून बघा. दहापैकी सात-आठ जण नुसते लोंबकळतात, खांदे कानाला टेकलेले आणि मान आत गेलेली. तशाच अवस्थेतून ते हाताने ओढायला लागतात. अशा वेळी पूर्ण वजन खांद्याच्या सांध्याभोवतीच्या मऊ भागांवर येतं आणि पाठीचे मोठे स्नायू उशिरा कामाला लागतात. बारवर हे खपून जातं. ओव्हरहँगवर एका हाताने लांबचा होल्ड पकडल्यावर, पाय सुटून अंग झोके घेतं त्या क्षणी, हाच खांदा उघडा पडतो. जोर निघत नाही असं जे वाटतं त्याचं मूळ इथे आहे, आणि खांद्याच्या बऱ्याच दुखण्यांचंही.

यावर एक व्यायाम आहे. दिसायला इतका किरकोळ की पोरं तो टाळतात. बारला दोन्ही हातांनी लटका. कोपर अजिबात वाकवायचं नाही. फक्त खांदे कानापासून खाली खेचा, जणू पाती मागच्या खिशात घालायची आहेत. अंग दोन-तीन इंच वर येईल, छाती थोडी पुढे येईल. दोन सेकंद थांबा, सावकाश परत जा. असे पाच-सहा, मध्ये मिनिटभर थांबून पुन्हा पाच-सहा. कोपर वाकलं तर तो पुलअप झाला, मोजू नका. पूर्ण वजनाने जमत नसेल तर पाय स्टुलावर ठेवून करा. शेजारच्याला मागे उभं करून पात्यांवर दोन बोटं ठेवायला सांगा. पाती सरकतायत की नाही हे त्याच्या बोटांना लगेच कळतं, तुम्हाला स्वतःला पहिल्या आठवड्यात कळत नाही.

दुसरा व्यायाम सायकलच्या जुन्या ट्यूबचा. पंक्चरवाल्याकडून टाकाऊ ट्यूब आणा, कापून एक टोक दाराच्या कडीला बांधा. कोपर बरगडीला चिकटवून काटकोनात धरा आणि हात बाहेरच्या बाजूला फिरवा, बारा-पंधरा वेळा, दोन्ही हातांनी. मग समोर उभं राहून दोन्ही हातांनी ट्यूब चेहऱ्याकडे ओढा, कोपरं वर ठेवून, तेवढ्याच वेळा. ताण हलका हवा. शेवटच्या दोन-तीन वेळेला जळजळ सुरू झाली तर ट्यूब फार ताणलेली आहे, एक पाऊल पुढे या. खांद्याला जागेवर ठेवणाऱ्या बारीक स्नायूंना इथे फक्त हाक मारायची आहे.

ताणून धरण्याबद्दल

शाळेतल्या पीटीपासून सवय लागलेली असते की आधी ताण द्यायचे. हात भिंतीला लावून, मनगट मागे वाकवून मिनिट-दीड मिनिट धरायचं. एकाच स्नायूला मिनिटाहून जास्त वेळ असं ताणून धरलं तर पुढचा काही वेळ त्याची ताकद थोडी कमी पडते, हे तपासून सिद्ध झालेलं आहे. चढण्यापूर्वी हात फिरवा, मनगटं फिरवा, मुठी उघडझाप करा. ताणून धरायचं ते घरी जाताना.

बोटं

बोटांची हाडं आणि कंडरे यांना बांधून ठेवणाऱ्या लहान पट्ट्या असतात. बोट वाकवून टोकावर वजन घेतलं, म्हणजे क्रिम्प धरला, की कंडरा या पट्ट्यांना हाडापासून दूर खेचतो. बोटाच्या मुळाजवळची पट्टी क्लाइंबर लोकांची सगळ्यात जास्त वेळा दुखावते. तिला सैल व्हायला वेळ लागतो. सोप्या रूटवर साधारण शंभर-सव्वाशे मूव्ह झाल्याशिवाय बारीक क्रिम्प धरू नये, असं मी धरून चालतो. म्हणजे सोपे तीन-चार रूट, किंवा घरच्या लहान वॉलवर मोठे होल्ड धरून दहा-बारा मिनिटं आडवं-उभं फिरणं.

एवढी वॉल जवळ नसेल तर हँगबोर्डखाली (बोटांनी लटकायच्या फळीखाली) वजनकाटा ठेवा. समजा तुमचं वजन ६० किलो. काट्यावर उभं राहून बोर्ड धरा आणि काटा ४२ दाखवेपर्यंत ओढा. म्हणजे बोटांवर १८ किलो, वजनाच्या तीस टक्के. दहा सेकंद धरा, अर्धा मिनिट सोडा, तीन वेळा. मग काटा ३० वर येईपर्यंत ओढा, दोनदा. शेवटी १८ वर, दोनदा, सात-आठ सेकंद. बोटं उघडी ठेवून धरा, क्रिम्प करून नाही. काट्याचा फायदा असा की अंदाजावर चालत नाही. हातात जोर आहे असं वाटणाऱ्या दिवशी पोरं पहिल्याच झटक्याला पूर्ण लटकतात, आणि बोटं नेमकी तशाच दिवशी दुखावतात.

झटका जागा करणं

इथपर्यंत अंग तापलं, खांदा जागेवर आला, बोटं तयार झाली. आता वरच्या अंगातला झटका. स्नायूला थोडा वेळ, पण जवळजवळ पूर्ण जोराचं काम दिलं आणि मग काही मिनिटं विश्रांती दिली, तर पुढच्या प्रयत्नाला तो आधीपेक्षा जास्त वेगाने जोर लावतो. काम जास्त झालं तर थकवा वरचढ होतो. विश्रांती फार लांबली तर जागेपणा विरून जातो. सगळी कला या दोघांच्या मधल्या जागेत आहे.

मी असं करायला सांगतो. ज्यांना दहा-बारा पुलअप येतात त्यांनी तीनच काढायचे, पण जितक्या वेगाने वर जाता येईल तितक्या वेगाने, छाती बारला लागेल असे. खाली मात्र सावकाश. दोन मिनिटं थांबून आणखी दोन. त्यानंतर मोठ्या, गोल, बोटांना न टोचणाऱ्या होल्डवर लांब मूव्ह दोन-तीन, पाय वॉलवर ठेवून. संपलं. आता तीन ते पाच मिनिटं काहीही करायचं नाही. बूट बांधा, हार्नेस तपासा, हातांना मॅग्नेशियमची पांढरी पूड लावा, रूट डोळ्यांनी वाचा. झटक्याच्या कामाला स्नायू जो साठा वापरतो तो बराचसा एवढ्या वेळात भरून निघतो. या पाच मिनिटांत लोकांना राहवत नाही, जाऊन पुन्हा बारला लटकतात, आणि केलेली मेहनत वाया घालवतात.

ज्यांना पाचसुद्धा पुलअप येत नाहीत त्यांच्यासाठी पुलअप हा वॉर्मअप होऊच शकत नाही, तो त्यांचा पूर्ण व्यायाम आहे. त्यांनी स्टुलावर पाय ठेवून अर्धं वजन कमी करावं आणि वेगाने तीन ओढावेत. परिणाम तोच मिळतो.

मोबाईलवर पाहून काही जण वॉर्मअप म्हणून कॅम्पस बोर्डावर उड्या मारतात. हा बोर्ड वोल्फगांग ग्युलिख या जर्मन क्लाइंबरने १९८८ साली न्यूरेनबर्गमधल्या एका जिममध्ये बसवला. त्याने १९९१ मध्ये चढलेला 'अॅक्शन डिरेक्ट' हा त्या काळी जगातला सगळ्यात अवघड रूट होता. अशा चढायांसाठी ताकद घडवायचं ते साधन आहे. पाय सोडून, फक्त हातांवर, लाकडी पट्ट्यांवर उड्या घेणं हे स्वतःच पूर्ण कष्टाचं काम आहे, आणि त्याच्याआधी वॉर्मअप करावा लागतो.

बदामीला पोचल्यावर

बेळगावहून तीन-साडेतीन तास गाडीत पाठ वाकवून बसलेलं अंग घेऊन आपण दगडापाशी उतरतो. बदामीचा वालुकाश्म आडव्या कडांचा आहे, पकडी छान, पण बऱ्याच बारीक, आणि पहिल्या रूटलाच बोटांवर भार येतो. तिथे बार नाही, बोर्ड नाही. म्हणून घरून दोन वस्तू न्या.

एक, ती सायकलची ट्यूब. झाडाच्या बुंध्याला गुंडाळून सगळे खांद्याचे व्यायाम होतात. दुसरी, सुताराकडून करून घेतलेली वीतभर लांबीची लाकडी पट्टी, चार बोटांची पहिली पेरं मावतील एवढी म्हणजे २० मिलिमीटर जाडीची, कडा पॉलिशपेपरने घासून गोल केलेल्या. मधून दोरी ओवा आणि दोरी पाण्याच्या २० लिटरच्या कॅनला बांधा. कॅन अर्धा भरला की साधारण १० किलो. बोटांनी पट्टी धरून, हात सरळ ठेवून, पाय वाकवून उभं राहत कॅन जमिनीपासून उचला, दहा सेकंद धरा, ठेवा. दोन्ही हातांनी आलटून पालटून तीन-तीन वेळा. मग कॅन पूर्ण भरून पुन्हा दोन-दोन वेळा. लटकायला जागा लागत नाही, खांद्यावर भार येत नाही, आणि बोटं एकेका हाताची वेगळी तयार होतात. त्याआधी कड्याच्या पायथ्यापर्यंतची चाल जरा भरभर चाला, सॅक पाठीवर असतेच. तेवढ्याने अंग तापतं, वेगळं धावायला नको.

एक कळकळीची विनंती. वॉर्मअपसाठी लेण्यांच्या, देवळांच्या किंवा आपल्या राजहंसगडाच्या तटाच्या दगडांना लटकू नका. त्या कडा झिजल्या की पुन्हा येत नाहीत.

सगळं नीट केलं तरी हात भरतात?

मग वॉर्मअप संपल्यापासून चढायला लागेपर्यंत किती वेळ गेला ते बघा. चार-पाच जणांच्या गटात एक दोर असला की नंबर यायला पाऊण तास सहज जातो. तोवर तुम्ही बिले देत, म्हणजे चढणाऱ्याचा दोर सांभाळत, सावलीत उभे, मान वर, हात गार. वीस मिनिटांहून जास्त वेळ गेला असेल तर सगळं पहिल्यापासून करायची गरज नाही. ट्यूब दहा वेळा, पाती खेचणं पाच वेळा (बार नसेल तर ट्यूब झाडाच्या वरच्या फांदीला अडकवून, कोपर न वाकवता खाली ओढून), कॅन एकेका हाताने दोनदा, आणि तीन मिनिटं थांबणं. अंगात जाकीट ठेवा, नंबर येईपर्यंत काढू नका. हात गार पडले असतील तर काखेत धरा.

वेळेचीही अडचण नसेल, तर आदल्या दिवशी काय केलं ते आठवा. शुक्रवारी रात्री तालमीत पाठ मोडेपर्यंत व्यायाम करून शनिवारी पहाटे बदामीला निघालेल्याला कुठलाही वॉर्मअप उपयोगी पडणार नाही. ओढण्याचा जड व्यायाम आणि अवघड चढाई यांच्यात निदान दोन दिवस ठेवा. शिवाय पकड गरजेपेक्षा जास्त आवळण्याची सवय आहे का, तेही बघा. सोप्या रूटवर मुद्दाम पकड इतकी ढिली करत जा की आता हात सुटेल असं वाटेल. बहुतेकांना लक्षात येतं की लागतं त्याच्या कितीतरी जास्त आपण धरतो. ही खोड वॉर्मअपने जात नाही, रोजच्या सरावात मोडावी लागते.

शेवटी, लहान मुलांचं. आता शाळेतली मुलंही वॉलवर येतात, आणि मोठ्यांचं बघून तेच करायला जातात. वाढत्या वयात बोटांच्या हाडांची टोकं अजून पक्की झालेली नसतात. तिथे क्रिम्पचा, वजन लावून लटकण्याचा किंवा कॅम्पस बोर्डाचा भार सारखा पडला तर हाडाच्या वाढीच्या जागेलाच तडा जाऊ शकतो. त्यांच्या वॉर्मअपला पळापळ, दहा जोर, मुद्गल नसेल तर बाटली, ट्यूब आणि मोठ्या होल्डवर खेळणं एवढंच ठेवा. काटा, कॅन, वेगाचे पुलअप नकोत. मुलाने बोटाच्या मधल्या सांध्यापाशी दुखतंय असं दोन-तीन दिवस सांगितलं तर मालीश करत बसू नका. चढणं बंद करून हाडांच्या डॉक्टरांना दाखवा आणि मूल क्लाइंबिंग करतं हे त्यांना आवर्जून सांगा.